लेकुरवाळी माशी

बाम्बो फिलिमोनी दाका यांना देवाने उंची दिली नाही, पण सरकारी खात्याने टोपी दिली. ती डोक्यावर असली की ते आमच्या काफुम्बे गावातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा चार बोटं उंच दिसत. रविवारी चर्चच्या उपासनेत तेवढी ती काढावी लागे. मग ते ती मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसत, जसं आम्ही बायका ताप आलेलं मूल धरून बसतो. पाळकांना वाटे, काय हा माणूस प्रार्थनेत बुडालाय!

त्यांचं काम माशी धरण्याचं होतं. हे हसण्यासारखं नाही, निदान आमच्याकडे नाही. खाली दरीत, हत्ती आणि रानम्हशींच्या मुलखात, त्से-त्से माशी असते. ती चावली की बैल खंगत खंगत मरतो, आणि माणसाचं नशीब फुटकं असेल तर त्याला झोपेचा आजार जडतो. आम्ही वर पठारावर राहतो. आमच्याकडे बैल आहेत, माशी नाही. ती मोटारींना चिकटून वर येऊ नये म्हणून घाट संपतो तिथे रस्त्यावर एक आडवी काठी, बाजूला पत्र्याची एक खोली, आणि काठीपाशी पांढरी जाळी घेऊन बाम्बो दाका. याला आम्ही माशीनाका म्हणतो, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला बाम्बो.

गाडी आली की ते लगेच उठत नसत. आधी गाडीकडे असं बघत, जणू ती वेळ न कळवता आली. मग वहीत नंबर लिहीत. मग हुकूम सुटे, "काचा वर!" मग मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून, जाळी पुढे धरून, गाडीभोवती एक पूर्ण फेरी. वाकून खाली बघणं, टाचा उंचावून टपावर बघणं, प्रत्येक चाकावर काठीने टकटक. प्रेत नेणाऱ्यांनासुद्धा याहून घाई असते. एखादा ट्रकवाला ओरडायचा, "बाम्बो, टोमॅटो सडतायत माझे!" की ते दुसरी फेरी घालत.

या फेऱ्यांवर आमची अकरा घरं जगत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. गाडी थांबली की आम्ही टोपल्या घेऊन काचांशी. उकडलेल्या शेंगा, आंबे, भाजलेला कसावा आणि माझे गुलगुले. मी मंडळीच्या महिला संघाची चिटणीस आहे आणि रोज जेवणं उरकली की वहीत दिवस लिहून काढते, त्यामुळे पुढच्या तारखा बरोबर आहेत. माणसांबद्दल मी लिहिलेलं बरोबर आहे की नाही, ते देव ठरवील.

बाम्बो दाकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. दरीतून जनावरं बघून परतणारे परके पाहुणे काचेआडून विचारत, ही माशी असते तरी कशी? मग हे छाती काढून म्हणत, "बावीस वर्षं! माशीला मी माझ्या बायकोइतका ओळखतो."

त्यांची बायको एलेस्तिना खोलीमागे उखळात मका कांडत असे, पाठीला सहावं मूल बांधलेलं. ती मुसळ न थांबवता म्हणे, "मग मोठं कठीण आहे माशीचं."

खरं सांगायचं तर त्यांना माशी धरता येत होती, मारता येत होती आणि वहीत लिहिता येत होती. बाकी माशीचं काय असतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. खात्याने भिंतीवर लावायला एक मोठा चित्रफलक दिला होता, माशीचा जन्म, वाढ, सगळं त्यात होतं म्हणे. त्याच्यावर त्यांनी एका साबणवाल्याचं कॅलेंडर टांगलं होतं, कारण खिळा तिथेच होता.

शिवाय गेली तीन-चार वर्षं माशी यायचीच बंद झाली होती. दरीत खात्याने औषध लावलेले कापडी सापळे टांगले, त्यांनी बहुतेक काम केलं. पण वहीत माश्या येतच होत्या. सोमवारी तीन, मंगळवारी पाच, पगाराच्या आठवड्यात नऊ-दहा. रविवारी मात्र शून्य. त्यांच्या वहीतल्या माश्या आमच्या निम्म्या मंडळीहून कडक ख्रिस्ती होत्या, रविवारी प्रवास करत नसत.

हे रविवारचं शून्य बहुधा शहरात कुणाच्या तरी नजरेत आलं. गेल्या सप्टेंबरात खात्याचं पत्र आलं. आता नुसते आकडे चालणार नाहीत. धरलेली प्रत्येक माशी काचेच्या नळीत घालून, वर तारीख लिहून ठेवायची. ऑक्टोबरअखेर तपासणी होईल. तोवर एकही खरी माशी निघाली नाही तर पठार स्वच्छ झालं असं मानून नाका बंद करण्यात येईल. सोबत नळ्यांचं एक खोकं होतं.

ते पत्र त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. मग आम्ही अकरा जणी आपापल्या टोपल्यांकडे बघत उभ्या राहिलो. नाका गेला की गाड्या थांबणार नाहीत. धावत्या गाडीला शेंगा कोण विकणार?

पुढच्या गुरुवारी महिला संघाची प्रार्थना होती. आता देवाकडे मागायचं तरी काय? 'प्रभू, माशी धाड' असं कसं म्हणायचं? पाळकीणबाईंनी शब्द जुळवले, "हे बापा, रस्त्याच्या कडेला तू आम्हाला जे दिलंस ते काढून घेऊ नकोस." आम्ही आमेन म्हटलं, जरा जोरातच. त्याच रविवारी मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, येरेमिया साकाला, आठ बैलांचे धनी, नेहमीप्रमाणे उभे राहून गरजले, "हे बापा, ती माशी पृथ्वीच्या पाठीवरून पुसून टाक!" एका छपराखालून दोन अर्ज वर गेले. वर त्यांचं काय झालं मला माहीत नाही, पण बाम्बो दाकांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

ऑक्टोबरच्या दोन तारखेला ते सायकल घेऊन दरीत मेव्हण्याकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले. मी अंगणात पीठ चाळत होते. कुंपणापलीकडून हाक आली.

"तिसाची आई! ओ तिसाची आई! जरा इकडे या. एकट्याच या."

त्यांना गुपित ठेवता येत नाही. सांगितल्याशिवाय त्यांना ते मोठं वाटत नाही. त्यांच्या हातात तारेला मच्छरदाणीचं कापड शिवून केलेला छोटा पिंजरा होता. आत पाच माश्या, पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक घालून बसलेल्या.

"पाच. पाचही माद्या," ते कुजबुजले. "पोटं बघा कशी टम्म. निवडून आणल्यात."

"बाम्बो, हे पाप आहे."

"पाप कसलं? बियाणं आहे हे. एक माशी शंभर अंडी घालते. पाच जणींची पाचशे. त्या पाचशे जणींची..." त्यांनी आकाशाकडे बघितलं, जणू तिथे लिहिलं होतं. "नाताळापर्यंत मोजायला माणसं ठेवावी लागतील."

"आणि लोकांचे बैल?"

"अहो, सोडतोय कोण? रोज दोन मारायच्या आणि नळीत घालायच्या. नाका वाचला, तुमचे गुलगुले वाचले. महिला संघाने प्रार्थना केली होती ना? मग?"

मी तडक येरेमियांकडे जायला हवं होतं. मी घरात गेले आणि वहीत लिहिलं. लिहिलं की कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटतं, हा वहीचा मोठा दोष आहे.

माशीला रक्त लागतं. म्हणून बाम्बोंनी बकरीच्या गोठ्यात पिंजरा नेला आणि एक दिवसाआड तो जुन्या चितेंगेच्या, बायकांच्या कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, चिंधीने बकरीच्या कुशीला बांधायचा सपाटा लावला. कापडातून माश्या सोंडा खुपसत, बकरी लाथा झाडत असे. एलेस्तिना म्हणाली, "घरात एक सरकारी नोकर होता, आता दोन झाले. आणि काम करतो तो नवाच."

रोज सकाळी बाम्बो अंडी शोधत. नाक पिंजऱ्याला लावून, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. अंडी नव्हती. पाचव्या दिवशी त्यांनी बायकोला बोलावलं, तिची नजर चांगली म्हणून. मीही पीठ मागायच्या निमित्ताने गेले होते.

एलेस्तिनाने बघितलं. मूल पाठीवरून पुढे घेऊन, त्याला अंगावर पाजत पाजत, बराच वेळ बघितलं.

"अंडी नाहीत," ती म्हणाली. "पण ही कोपऱ्यातली बघा, तामांदाचे बाबा. ही उडत नाही. पाय फाकून बसून राहते. मी सातव्या महिन्यात बसायचे तशी."

"माशी आहे ती, तुझी बहीण नाही."

"आणि पिते किती बघा. बाकीच्यांच्या दुप्पट. ती कुणासाठी तरी पितेय."

"कुणासाठी?"

"मी ज्याच्यासाठी दोन घास जास्त खाते त्याच्यासाठी." तिने मांडीवरच्या मुलाकडे हनुवटी केली. "हिच्या आत मूल आहे. ती आतल्या आत त्याला पाजतेय."

बाम्बो दाका इतके हसले की बकरी बिचकली. मग त्यांनी तो विनोद नाक्यावर नेला. आठवडाभर येईल त्या गाडीला त्यांनी तो ऐकवला, "माझी बायको म्हणते, माशी पोराला अंगावर पाजते!" ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत. एकजण येता-जाता ओरडायचा, "बाम्बो, चहाला माशीचं दूध आहे का?" हे उत्तर देत, "धार काढायला बायकोला बसवलंय!" एलेस्तिना मागे मुसळ चालवत असे. मुसळाचा आवाज जरा मोठा येई, इतकंच.

आठव्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी एक अळी सापडली. पांढरी, गुबगुबीत, आईएवढीच मोठी, शेपटाकडे दोन काळे फुगीर ठिपके. बाम्बो ओरडतच बाहेर आले, "कीड! माझ्या माश्यांना कीड लागली!" त्यांनी ती काडीने बाहेर ओढली आणि कोंबडीपुढे टाकली. कोंबडीने मान वाकडी करून तिच्याकडे एकदा बघितलं आणि गिळली. दोन दिवसांनी दुसरी. तीही कोंबडीला. मग त्यांनी पिंजऱ्याला मिरच्यांची धुरी दिली. माश्या मेल्या नाहीत, पण गोठ्यातून बाम्बो, बकरी आणि पाळकीणबाई, ज्या सहज डोकावल्या होत्या, अशा तिघांना खोकत बाहेर यावं लागलं.

"कीड त्यांच्या पोटातूनच येतेय," डोळे पुसत ते म्हणाले.

"मुलं तिथूनच येतात," एलेस्तिना म्हणाली.

"तू गप्प बस. बावीस वर्षं मी..."

"बसले गप्प."

तिसरी अळी आली तेव्हा बाम्बो नाक्यावर होते. एलेस्तिना एकटीच गोठ्यात होती. दुपारी तिने मला विहिरीवर सांगितलं. आवाज नेहमीसारखा सपाट, पण हातातली बादली ती भरायची विसरली होती.

"मी होताना बघितलं, तिसाची आई. ती खाली येऊन बसली. कळा दिल्या तिने. बाहेर आलं ते केवढं! आणि आलं की लगेच खाली डोकं खुपसायला लागलं, माती शोधत होतं. मला वाटलं, आता खायला मागेल. नाही मागितलं. त्याला भूकच नव्हती. सगळं जेवण आईने आतच उरकून दिलं होतं."

"मग काय केलंस? कोंबडीला?"

"नाही." ती जरा ओशाळली. "व्हॅसलिनची रिकामी डबी होती. तिच्यात वाळू घालून सोडलं. आत शिरलं सरळ. थोड्या वेळाने बघते तर काळं, कडक, घेवड्याच्या दाण्यासारखं. निजलंय."

"आणि ते ठेवणार आहेस?"

"फेकवेना."

डबी तिने मिठामागे फळीवर ठेवली. मी ते वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं, 'प्रभू, ज्या माशीला आम्ही शाप देतो तिलाही तू पान्हा दिलास, यात तुझा काय हेतू?' अजून उत्तर नाही.

पंचवीस तारखेला बकरीचा संयम संपला. तिने कुशीचा पिंजरा दातांत धरून चावला, कापड फाटलं, आणि चार माश्या सापडल्या, पाचवी गेली. गेली ती सगळ्यांत टम्म पोटाची. बाम्बो दोन दिवस जाळी घेऊन स्वतःच्याच अंगणात फिरत होते. अंडी तर एकही नाही. तपासणी शुक्रवारी. शेवटी गुरुवारी त्यांनी उरलेल्या चौघींना मारलं आणि चार नळ्यांत घालून वर चार वेगवेगळ्या तारखा घातल्या. रविवारची एकही नाही. सवय ती सवय.

तपासणीला न्यिरोंगो मॅडम आल्या. वय बाम्बोंच्या थोरल्या मुलीएवढं, मोटारसायकलवरून, गळ्यात भिंग. आल्या आल्या त्यांनी माझे चार गुलगुले घेतले आणि चारही संपवले, त्यामुळे त्यांच्यावर रागवायचं कसं हा मला प्रश्नच पडला. पत्र्याच्या खोलीत त्या टेबलाशी बसल्या. आम्ही बायका दारात, पाळक आणि वडील येरेमिया खिडकीशी. एलेस्तिना मुलाला कडेवर घेऊन भिंतीला टेकलेली. मध्ये बाम्बो दाका, इस्त्री केलेले.

"या तुम्ही इथेच धरल्यात, बाम्बो?"

"इथेच, मॅडम. ही कापसाच्या ट्रकवरून. ही बसवरून. ही पाहुण्यांच्या जीपवरून. आणि ही..." त्यांना चौथी गाडी सुचेना. "ही पाळकांच्या सायकलवरून."

पाळक आपल्या बुटांकडे बघू लागले.

मॅडमनी एकेक नळी भिंगाखाली धरली. "चारही माद्या आहेत."

"देवाची कृपा."

"देवाची कृपा असेल, पण गाडीवरची माशी नाही," त्या म्हणाल्या. "गाडीच्या मागे लागतात ते नर. दहा धरल्या तर आठ-नऊ नर निघतात. काही हलताना दिसलं की तिथे मादी भेटेल म्हणून पळत सुटतात. मादीला भूक लागली तरच ती येते, पिते आणि सावलीत जाऊन बसते. तिला भटकायला फुरसत नसते. ही बघा, ही तर पोटात मूल घेऊन मेली."

"मूल?" बाम्बो म्हणाले. "म्हणजे अंडी?"

"अंडी कुठली? बावीस वर्षं काम करताय ना? ही अंडी घालत नाही. एका वेळी एकच. अंडं पोटात, अळी पोटात, आणि आई तिला आतच दूध पाजते. अगदी दूधच म्हणतात त्याला. नऊ-दहा दिवसांनी आईच्या वजनाची अळी बाहेर येते, काही न खाता मातीत शिरते. सगळ्या आयुष्यात अशी सात-आठ मुलं." त्या उठल्या आणि त्यांनी साबणवाल्याचं कॅलेंडर उचललं. खाली चित्रात माशी होती, माशीच्या पोटात अळी होती, आणि अळीच्या तोंडाशी एक पांढरा थेंब काढलेला होता. "हे तुमच्या भिंतीवर आहे."

शेंगावाली वेलोनिका आधी हसली. मग सगळ्याच. कुणीतरी म्हणालं, "मग चहाला दूध होतं की हो, बाम्बो!" कोंबडी नेमकी तेव्हा दारात आली. बाम्बो दाकांनी तिच्याकडे असं बघितलं की मला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू, फार वेळ नाही आली.

मॅडमनी वही मिटली. "या नळ्या बाद. माश्या कुठल्या, ते मी विचारत नाही. तुमची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, चौकशी लावली तर हातचं जाईल. वहीतही खरं काही दिसत नाही, म्हणजे पठार स्वच्छ आहे. सोमवारी काठी काढतील. तुम्हाला शहरात गोदामावर पहारा मिळेल. गणवेश हाच."

"हालेलुया!" खिडकीतून येरेमिया म्हणाले.

 पठार स्वच्छ नव्हतं, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. बाम्बोंना, एलेस्तिनाला आणि मला. मी बोलले असते तर नाका राहिला असता, माझे गुलगुले राहिले असते. पण महिनाभर का बोलले नाही, हे पाळकांच्या आणि येरेमियांच्या देखत सांगावं लागलं असतं. संघाची चिटणीस मी. मी जीभ दातांखाली धरली आणि मनात म्हटलं, प्रभू, दुसऱ्या कुणाला तरी बोलव.

"मॅडम," एलेस्तिना म्हणाली, "पाच होत्या."

"घरी जा, एलेस्तिना," बाम्बो म्हणाले.

"जाते. डबी आणायला."

ती गेली आणि आली. मूल कडेवर तसंच. डबीतली वाळू तिने टेबलावर ओतली, बोटाने चाचपली आणि काळा दाणा मॅडमपुढे सरकवला.

"माझ्या भावाकडून आणल्या. गोठ्यात बकरीवर पोसल्या. दोन मुलं कोंबडीने खाल्ली, हे तिसरं. पाचवी माशी पंचवीस तारखेला सुटली, तिच्या पोटात चौथं होतं. आमच्याकडून जवळची सावली म्हणजे येरेमिया बाबांचा गोठा."

हालेलुया म्हणताना उघडलेलं येरेमियांचं तोंड अजून मिटलं नव्हतं.

मॅडमनी दाणा तळहातावर घेतला, भिंगाखाली फिरवला. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या. मग एलेस्तिनाकडे बघून, "बाई, तुला कळतंय ना तू काय सांगितलंस? याचा अर्थ यांची नोकरी..."

"कळतंय."

"गप्प बसली असतीस तर कुणालाच कळलं नसतं."

"ती सुटलीय, मॅडम. मी गप्प बसले म्हणून ती चावायची थांबणार आहे का?"

पुढचं भराभर झालं. नाका आणखी एक वर्ष राहणार असं ठरलं. येरेमियांच्या गोठ्याभोवती निळे-काळे सापळे लागले, गावातल्या सगळ्या बैलांना आणि आमच्या त्या सरकारी बकरीला सुया टोचल्या. बाम्बो दाकांनी टोपी टेबलावर ठेवली. ठेवायला त्यांना इतका वेळ लागला की बाहेर तीन गाड्या खोळंबल्या आणि वेलोनिकाच्या शेंगा संपल्या.

त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून मला ऐकू आलं. मी कान लावला नव्हता, पण काढूनही घेतला नाही.

"तू मला बुडवलंस."

"हो."

"लोकांच्या बैलांसाठी! आपला एक तरी बैल आहे का त्यात?"

"नाही."

"मग?"

"मग काय, तामांदाचे बाबा? न्शिमा गार होतेय. जेवा."

आता नाक्यावर मुबिता आला आहे. पश्चिमेकडचा उंच माणूस, लांब हात, पायात बूट नाही की डोक्यावर काही नाही. गाडी थांबते न थांबते तोच जाळी दोनदा फिरवतो, खाली एक नजर, वर एक नजर, आणि काठी वर. सगळं अर्ध्या मिनिटात. मी गुलगुला कागदात गुंडाळेपर्यंत गाडी वळणाआड. "हा माणूस आहे की वारा?" वेलोनिका म्हणते. गेल्या गुरुवारच्या प्रार्थनेत पाळकीणबाईंनी पुन्हा शब्द जुळवले, "हे बापा, आपल्या सेवकाला, मुबिताला, थोडी सावकाशी दे." मी आमेन म्हटलं. म्हणताना मला लाज वाटली, हेही वहीत आहे.

बाम्बो दाका दोन आठवडे घरातच होते. मग एक दिवस एलेस्तिनाने त्यांच्या हातात कसाव्याची टोपली दिली आणि त्यांना नाक्यावर आणून बसवलं. पहिल्या दिवशी ते रस्त्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी जीपमधल्या एका परक्या बाईने काचेतून विचारलं, ही माशी असते तरी कशी? ते उभे राहिले, गळा साफ केला.

"बाईसाहेब, बावीस वर्षं मी हिचा अभ्यास केलाय. जगाला वाटतं ही अंडी घालते. चूक! ही आपल्या मुलाला दूध पाजते."

बाईने काच पूर्ण खाली केली. ड्रायव्हरने गाडी बंद केली. मुबिताने काठी वर धरून ठेवली होती, ती त्याला दुखऱ्या हाताने परत खाली घ्यावी लागली. त्या एका जीपने माझे चौदा गुलगुले घेतले.

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. व्याख्यान वाढतच चाललंय. आता त्यात बकरी आहे, भिंग आहे, मोठमोठी माणसं आहेत, आणि ज्या कुणी अज्ञानी माणसाने पहिली अळी कोंबडीला टाकली त्याच्यावर कडक टीका आहे. एलेस्तिना शेजारी शेंगा मोजत बसते आणि खोडत नाही.

काल दुपारची बस आली. खिडकीत एक जाडजूड बाई, मांडीवर तान्हं. बाम्बो दाकांचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आई आत वाढवते, आत पाजते, सगळं तीच करते. मग बाप काय करतो हो, बाम्बो?"

 हे त्यांच्या व्याख्यानात नव्हतं.

"तो गाड्यांच्या मागे पळतो," एलेस्तिना मान वर न करता म्हणाली.

बस हसली. मुबितासुद्धा हसला. बाम्बो दाका हसले नाहीत, जरा विचार करून म्हणाले, "पण कधीतरी घरी येतोच ना तो."

"आयुष्यात एकदाच त्यांची गाठ पडते," एलेस्तिना म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय मला. पुढे तिला त्याची गरज लागत नाही." आणि तिने खिडकीतल्या बाईला शेंगांचा पुडा वर दिला, वर दोन शेंगा तान्ह्याच्या नावाने जास्त घालून.